बीपीची गोळी सोडू नका, बदलून घ्या

वाचकाचं पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी तासगाव तालुक्यातली, वय ३१. घरची द्राक्षबाग आहे. चार वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझा बीपी वाढला, तोंडावर सूज आली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. माहेरहून रातोरात मिरजेला नेलं. कमरेत इंजेक्शनं दिली, सगळं अंग भाजून निघाल्यासारखं झालं. ३५ व्या आठवड्यात सिझर झालं. मुलगी पावणेदोन किलोची होती, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता छान आहे, अंगणवाडीत जाते. गेल्या वर्षी गावातल्या शिबिरात माझा बीपी १५०/१०० निघाला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० सुरू केली. आता घरचे दुसऱ्या बाळासाठी मागे लागलेत आणि मलाही हवंय. सासूबाई म्हणतात, बीपीच्या गोळ्यांनी गर्भ राहत नाही, सोडून दे. म्हणून मी गोळी कधी घेते, कधी नाही. मूल नको होतं तोवर मेडिकलमधून माला-डी आणून घेत होते, तीही सलग नाही. पाळी मागेपुढे होते. श्रावणात दंडोबाला गेलो तेव्हा चढताना धाप लागली, मध्येच बसावं लागलं. माझी आई ५२ व्या वर्षी अचानक गेली, हार्ट अटॅक म्हणाले. मला दुसरं मूल होईल का? झालं तर मी वाचेन का? आणि पहिल्या वेळी माझंच काही चुकलं होतं का?

उत्तर

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारणं मागून सांगते. दुसरं मूल होऊ शकतं. नीट तयारी करून आणि मोठ्या दवाखान्याच्या देखरेखीखाली गेलात तर तुम्ही आणि बाळ दोघंही सुखरूप घरी याल अशी पुरेशी आशा आहे. आणि पहिल्या वेळी तुमचं काहीही चुकलेलं नाही.

पण या महिन्यात दिवस राहू देऊ नका. पुढच्याही नाही. आधी गोळी बदलायची, बीपी दोन-तीन महिने ताब्यात ठेवायचा, हृदय तपासून घ्यायचं आणि मगच बाळाचा विचार. हा क्रम चुकला तर त्रास होतो, आणि तो सांभाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा, मिस्टरांनाही वाचायला द्या.

आधी गोळीचं बघू. टेल्मिसार्टन बीपीसाठी चांगली गोळी आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती दिली तेव्हा तुम्ही मूल लांबवताय, हे धरूनच दिली असणार. पण पोटात गर्भ असताना ती चालत नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे गर्भाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच तयार होत जातं. ही गोळी बाळाच्या किडनीचं काम दाबते. मग पाणी आटतं, पाण्यावाचून फुप्फुसं नीट वाढत नाहीत, कवटीची हाडं कच्ची राहतात. टेल्मिसार्टनच्या घरातल्या लोसार्टन, ओल्मेसार्टन आणि दुसऱ्या घरातल्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांचंही तसंच. पाकिटावर नावाच्या शेवटी ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ असेल तर ती गोळी गरोदरपणात नको, एवढं ध्यानात ठेवा. आणि पाकीट नीट वाचा, कारण पुष्कळ गोळ्या एकात दोन औषधं मिळून येतात आणि वरचं नाव भलतंच असतं.

म्हणून गोळी सोडून द्यायची का? अजिबात नाही. तुमचा बीपी १५०/१०० होता. गोळी सोडली की तो आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तिथंच जातो, आणि तेवढ्या बीपीत गर्भ राहिला तर सुरुवातच वाईट होते. गोळी बदलायची असते. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत: लॅबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन आणि जुनी पण भरवशाची मिथाइलडोपा. तिन्ही वर्षानुवर्षं वापरात आहेत. तुम्हाला दमा असेल तर लॅबेटालॉल नको, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. निफेडिपिनने पहिले काही दिवस डोकं दुखतं, तोंड गरम होतं; तेवढ्यावरून ती बंद करू नका. कोणती, किती, कितीदा हे तुम्हाला तपासूनच ठरेल. पत्रावरून मी डोस सांगणार नाही, आणि मेडिकलवाल्यालाही विचारू नका.

हे वाचणाऱ्यांत कुणी अशी असेल की जी सार्टन किंवा प्रिल घेते आहे आणि जिची पाळी चुकली आहे, तिने आजच तपासणी करावी आणि गरोदर असल्यास आजच डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलावी. घाबरून गर्भ पाडायला धावू नये. मोठं नुकसान पुढच्या महिन्यांत गोळी चालू राहिल्याने होतं. लवकर बदलली तर बहुतेक बाळं चांगली निपजतात. पाचव्या महिन्याच्या सुमाराची व्यंग तपासण्याची सोनोग्राफी मात्र चुकवू नये.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या वाईट मनाने बोलत नाहीत, त्यांनी कुठंतरी तसं ऐकलं असणार. पण बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. तसं असतं तर टेल्मिसार्टन घेणाऱ्या बायकांना दिवस राहतील याची आम्हाला एवढी काळजी करावीच लागली नसती. तुम्हाला आजवर दिवस राहिले नाहीत ते बहुधा माला-डीमुळे. आणि पाळी मागेपुढे होते तीही बहुधा त्याच कारणाने. माला-डीच्या गोळ्या मध्येच सोडल्या की अंगावर जातं, पुन्हा सुरू केल्या की पुढची पाळी हलते. पाकीट अर्धवट घेत राहिलं तर पाळीचा हिशेब लागतच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बीपी असलेल्या बाईने माला-डी घेऊच नये. तिच्यात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं. त्याने काही जणींचा बीपी चढतो आणि बीपी असताना मेंदूचा झटका, हृदयविकार, रक्तात गुठळी यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे: बीपी १४०/९० च्या वर असेल तर इस्ट्रोजेनची गोळी सहसा देऊ नये, १६०/१०० च्या वर असेल तर मुळीच देऊ नये. गोळी हातात ठेवण्याआधी बीपी मोजायला हवा, पण मेडिकलच्या काउंटरवर तो कोण मोजतो? अजूनही अधूनमधून घेत असाल तर ती आजच थांबवा. पुढचे तीन-चार महिने निरोध वापरा. बाळ लवकरच हवं असताना तेवढ्यासाठी तांबी बसवण्याचं कारण नाही.

माला-डी थांबवून दोन-तीन महिने झाले तरी पाळी रुळावर आली नाही, तर थायरॉइड, साखर आणि पीसीओडी (बीजकोशाचा, पाळी लांबवणारा त्रास) तपासायला हवेत. बीपीने गर्भाशयाला कुलूप लागत नाही, पण वाढलेलं वजन, पीसीओडी, चढलेली साखर हे त्रिकूट बीपीबरोबरच फिरतं आणि बीज तयार व्हायला खोळंबा करतं. त्यात वजन पाच किलोने उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते आणि बीपीही थोडा खाली येतो. आणि तयारी एकट्या तुमचीच नाही. मिस्टर तंबाखू खात असतील तर ती सुटायला हवी. त्यांचाही बीपी मोजून घ्या. घराघरांत पुरुषांचा बीपी मोजलेलाच नसतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण चार वर्षं तो तुमच्या मनात सलतोय हे पत्रातून कळतं. पहिल्या वेळी जे झालं त्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. १०० गरोदर बायकांतल्या २ ते ८ जणींना तो होतो. तुम्ही लोणचं खाल्लं म्हणून नाही, ग्रहणात बाहेर गेलात म्हणून नाही, बागेत काम केलंत म्हणूनही नाही. गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त संथपणे मिळतं. काही जणींत त्या रुंद होतच नाहीत. तुमच्या बागेत ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या की वेलीला पाणी पोचत नाही आणि मागे पाइपात दाब चढतो, साधारण तसं. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. मग बीपी चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, सूज येते, यकृत आणि मेंदूवर ताण येतो. डोळ्यांपुढचे काजवे म्हणजे मेंदूवरचाच ताण होता. अंग भाजवणारं ते इंजेक्शन बहुधा मॅग्नेशियम सल्फेटचं होतं, झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं. ते वेळेवर मिळालं आणि बाळंतपण केलं, म्हणून तुम्ही दोघी आज आहात. तुमच्या माहेरच्यांनी रात्री गाडी काढली, उजाडायची वाट पाहिली नाही, याचं मोल फार मोठं आहे.

पुन्हा होईल का? ज्यांना ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान याच कारणाने बाळंतपण करावं लागलं, त्यांच्यापैकी साधारण चौघींतल्या एकीला पुढच्या खेपेला तो पुन्हा होतो. तुमचा बीपी आता गरोदरपणाबाहेरही आहे, म्हणून तुमच्यासाठी धोका त्याहून थोडा जास्त धरून चालू. म्हणजे तो होणारच असं नाही, पण होऊ शकतो असं मानून तयारी करायची. आणि आज आपल्या हाती पहिल्या वेळेपेक्षा जास्त काही आहे.

एक म्हणजे अ‍ॅस्पिरिन. कमी मात्रेची, साधी, स्वस्त गोळी. तुमच्यासारख्या जोखमीच्या बाईला ती १२ आठवडे भरल्यावर सुरू करतात, १६ व्याच्या आत, आणि सहसा ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त जोखीम असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर, ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लाम्प्सिया साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला. उशिरा सुरू केली तर फायदा घटतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच नाव नोंदवा, ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ हा रिवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ठेवा, दवाखान्यासाठी नाही. पण ही गोळीही मनाने सुरू करायची नाही.

दुसरं म्हणजे कॅल्शियम. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात आणि पुष्कळ जणींच्या घरी त्या फडताळात पडून असतात. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं आणि नाचणी कमी, त्यांच्यात कॅल्शियमने प्रीएक्लाम्प्सियाचा धोका कमी होतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि तिसरं म्हणजे बीपी खरोखर ताब्यात ठेवणं. पूर्वी गरोदरपणात बीपी थोडा चढला तर गोळी द्यायला डॉक्टरही कचरायचे, बाळाची वाढ खुंटेल या भीतीने. २०२२ साली अमेरिकेतला २४०० हून जास्त बायकांचा अभ्यास आला. आधीपासून बीपी असलेल्या गरोदर बायकांचा बीपी गोळ्यांनी १४०/९० च्या खाली ठेवला, तर गंभीर प्रीएक्लाम्प्सिया आणि फार लवकरची बाळंतपणं कमी झाली आणि बाळंही लहान निघाली नाहीत. ‘पोटात बाळ आहे, गोळ्या कमी घे’ असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

आता धाप. पत्रात तुम्ही ती सहज लिहिली आहे, पण माझं बोट तिथंच थांबलं. दंडोबा चढताना वजन आणि सवय नसल्याने धाप लागू शकते. रक्त कमी असेल तरी लागते, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन ९-१० घेऊन बागेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका कमी नाहीत. पण बीपी असलेल्या, जिची आई बावन्नाव्या वर्षी हृदयाने गेली अशा बाईची धाप तपासल्याशिवाय सोडून देता येत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. सातव्या-आठव्या महिन्यात हृदय सगळ्यात जास्त काम करत असतं, आणि बाळंत होताच गर्भाशयातलं रक्त एकदम अंगात परत येतं तेव्हा त्याच्यावर आणखी भार पडतो. हृदयाला आधीच काही दुखणं असेल तर ते त्या वेळी उघडं पडतं. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले आणि हृदयाची झडप आखडली, पण लग्न होऊन दिवस जाईपर्यंत कुणाला कळलंच नाही, अशा बायका आपल्या भागात अजून सापडतात. तुम्हाला लहानपणी सांधेदुखीसाठी २१ दिवसांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली होती का, हे घरातल्या थोरांना विचारा.

म्हणून गर्भ राहण्याआधी एकदा ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. त्याचबरोबर हिमोग्लोबिन, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लघवीतली प्रथिनं. लघवीत आत्ताच प्रथिनं असतील तर किडनीचं बघावं लागेल, आणि पुढे सातव्या महिन्यात ती दिसली तर नवीन की जुनी हे सांगता येईल. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधी निदान महिनाभर सुरू हवी. या सगळ्यासाठी मिरजेच्या किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढा. स्त्रीरोग आणि मेडिसिन दोन्ही ओपीडी एकाच आवारात असतात, एकमेकांकडे पाठवणं सोपं जातं. पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. सापडत नसेल तर माहेरच्या कपाटात बघा, बहुतेकींचं तिथंच असतं. त्यावर किती आठवड्यांना सिझर झालं, बीपी किती गेला होता, लघवीत प्रथिनं किती अधिकांची (+, ++ अशी) होती, काय औषधं दिली, हे सगळं असतं. नव्या डॉक्टरांना तो कागद तुमच्या तासभर सांगण्यापेक्षा जास्त सांगतो.

घरी बीपीचं मशीन घ्या. मनगटाचं नको, दंडाचं घ्या, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण आखूड पट्ट्याने बीपी उगाच जास्त येतो. मोजायची रीत महत्त्वाची आहे. एसटीतून उतरून, जिना चढून, ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून पट्टा बांधून, ‘घरी सगळे कसे आहेत’ अशा गप्पा मारत मोजलेला बीपी हा बीपी नव्हे. लघवीला जाऊन या. चहा घेऊन अर्धा तास झालेला असू द्या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दंड मोकळा करा. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, चांगला आलेला तेवढाच नाही. घरी १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर बीपी ताब्यात नाही असं धरायचं.

गोळ्या चुकतात त्या कुठं चुकतात हेही सांगून ठेवते, कारण तुमच्याच तालुक्यातल्या किती तरी जणींकडून ऐकलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीचं काम सुरू झालं की सकाळी सातला बाई बागेत असते आणि गोळी घरी. डब्यात जेवणाबरोबर ठेवत जा. नवरात्रात, चतुर्थीला ‘उपवास आहे’ म्हणून गोळी सुटते. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही. तसंच हात वर करून दिवसभर काम केल्यावर खांदे भरून येतात आणि दुकानातून अंगदुखीची गोळी आणली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्यांनी बीपी चढतो, किडनीवर ताण येतो आणि गरोदरपणात, खास करून पाचव्या महिन्यानंतर, त्या बाळालाही बाधतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल. मीठ दिवसाला सगळं मिळून सपाट चमचाभर. आपल्याकडे ते भाजीतून कमी आणि खर्डा, लोणचं, पापड, कुरड्या, भडंग यांतून जास्त जातं. भाजी अळणी करण्याआधी तेच आवरा.

दिवस राहिल्यावर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे, तिथं तज्ज्ञ डॉक्टर बघतात, फुकट. पण तुम्हाला महिन्यातून एकदा पुरणार नाही. पाचव्या महिन्यानंतर घरी रोज बीपी आणि दर पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला तपासणी असं धरून चला. बाळंतपण तासगावला किंवा गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात नको. जिथं रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि काचेची पेटी आहे तिथंच, म्हणजे तुमच्यासाठी सांगली किंवा मिरज. सातव्या महिन्यात माहेरी जाणार असाल तर वही, कार्ड आणि मशीन बरोबर जाऊ द्या. माहेरी गेल्यावर तपासणीत तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो, आणि बीपी चढायचा तो नेमका तेव्हाच चढतो.

हे झालं तर सकाळची वाट पाहू नका: न थांबणारी डोकेदुखी, काजवे किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, तोंडावर एकदम सूज, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं. बीपी १६०/११० किंवा त्यावर गेला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेवढाच असेल तर १०८ ला फोन करा. त्या आकड्याला तासाभरात औषध मिळायला हवं.

बाळ झालं की सगळे सुटलो म्हणतात. मला मात्र त्यानंतरच्या आठवड्याची जास्त काळजी वाटते. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त चढतो, म्हणजे नेमका घरी सोडल्यावर. बाळंतिणीचं डोकं दुखायला लागलं की घरात म्हणतात वारं लागलं, थंडी भरली. कानाला रुमाल गुंडाळतात, शेक देतात, ओवा-शेपाची धुरी घालतात. रुमाल खुशाल बांधा, पण आधी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजा. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच झटके येऊन आणलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचं डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं. सव्वा महिन्यात धाप, पायांवर सूज, उशी उंच घेतल्याशिवाय झोप न लागणं असं काही झालं तर तेही ‘अशक्तपणा’ म्हणून सोडायचं नाही. बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायूच कमजोर होण्याचा एक आजार असतो, तो पाच महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतो आणि वेळेवर कळला तर पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात. दूध पाजताना चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या आहेत, म्हणून ‘दूध आहे, गोळी नको’ हेही ऐकू नका.

ताई, ज्या बाईला एकदा प्रीएक्लाम्प्सिया झाला तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि मेंदूच्या झटक्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. चार वर्षांपूर्वी सुट्टी देताना हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं, तर मधली तीन वर्षं बीपी न मोजता गेली नसती. आता दरवर्षी बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल, आयुष्यभर. तिशीनंतर हे तुमच्या उपकेंद्रातही फुकट तपासतात. बायकांचा हार्ट अटॅक नेहमी छातीवर हात दाबून येत नाही. जबडा दुखतो, पाठीत भरून येतं, मळमळतं, घाम सुटतो, आणि घरात त्याला पित्त म्हणून सोडा-लिंबू देतात. तुमच्या घरी हे सगळ्यांना माहीत असू द्या.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पुढे कधी अंगावरून जास्त जातं म्हणून कुणी पस्तिशीत-चाळिशीत पिशवी काढून टाकायला सांगितलं, तर लगेच हो म्हणू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, पण ते फक्त त्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. पिशवीबरोबर बीजकोशही काढले की पाळी त्या दिवशीच कायमची जाते आणि हृदयाला मिळणारं संरक्षण कित्येक वर्षं आधी संपतं. जिला आधीच बीपी आहे तिला हे परवडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तसा निर्णय घ्यायचा नाही.

दुसरं बाळ झाल्यावर पुन्हा माला-डीकडे वळू नका. तांबीत हार्मोन नसतं, बीपीवर तिचा परिणाम नाही, सिझरच्या वेळीच बसवून घेता येते. ‘छाया’ गोळीही बिनहार्मोनची आहे, पण पीसीओडी निघाला तर ती नको. कुटुंब पुरं झालं असं दोघांना वाटत असेल तर मिस्टरांची बिनटाक्याची नसबंदी सगळ्यात सोपी. सरकारी दवाखान्यात फुकट होते, माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. नंतर तीन महिने निरोध वापरायचा, आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत असं कळल्यावरच थांबवायचा.